वेलीची ओळख

एखादी वेल ठेवायची की उपटायची, हे तिची ओळख पटल्यावरच ठरवावे. यंदाच्या पावसाळ्यात मी हे शिकलो.

आमच्या होस्टेलमागे तारेच्या कुंपणालगत करंजाची तीन रोपे आहेत. बंगळुरूमध्ये करंजाला ‘होंगे’ म्हणतात. जुलैमध्ये एका वेलीने कुंपण झाकले आणि ती रोपांच्या शेंड्यांपर्यंत चढली. खालची पाने उजेडावाचून पिवळी पडू लागली. रविवारच्या श्रमदानात काही मुले म्हणाली, “हे कृष्णकमळ आहे, राहू द्या.” पाच बोटांसारखे पान आणि जांभळे फूल पाहून तसे वाटणे साहजिक होते. उस्ताद म्हणाले, “आधी नीट बघा, मग सांगा.”

फील्डक्राफ्टमध्ये आकार, पृष्ठभाग, हालचाल पाहायला शिकवतात. आम्ही वेलही तशीच पाहिली. कृष्णकमळ स्प्रिंगसारख्या ताण्यांनी आधार धरते. हिला एकही ताणा नव्हता. हिचे खोडच तारेभोवती गुंडाळलेले होते आणि वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळत होते. पान थेट देठापर्यंत चिरलेले होते. फूल कर्ण्यासारखे, पाकळ्या एकमेकींना जोडलेल्या, गळ्याशी गडद रंग. कृष्णकमळातली तंतूंची झालर कुठेच नव्हती. सकाळी उमललेली फुले दुपारनंतर मिटत होती.

ही होती गारवेल, म्हणजेच रेल्वे क्रीपर. शास्त्रीय नाव आयपोमिया कैरिका. ‘कैरिका’ म्हणजे कैरोची. गणेशवेल, बेशरम आणि आपले रताळे हे सगळे हिच्याच प्रजातीतले. उद्यान एक्स्प्रेसने सोलापूरला घरी जाताना रुळांकडेच्या कुंपणांवर मला हीच फुले दिसतात.

ओळख पटल्यामुळे कामाची पद्धतही ठरली. वेल ओढली असती तर रोपांचे कोवळे शेंडे मोडले असते. म्हणून आम्ही टोकापासून सुरुवात करून ती घड्याळाच्या दिशेने उलगडत आणली. हिच्या खोडाच्या पेरांना मुळे फुटतात, मातीत पडलेला तुकडाही पुन्हा रुजतो. त्यामुळे मुळे खणून काढली आणि प्रत्येक तुकडा वेचून सिमेंटच्या ओट्यावर वाळत घातला. दोन रोपांना नवी पालवी आली आहे. तिसऱ्याची आम्ही वाट पाहत आहोत.

मित्रांनो, सुट्टीत तुमच्या घराजवळची एखादी वेल निरखून पाहा. तिला ताणे आहेत की तिचे खोडच वळते? वळत असेल तर कोणत्या दिशेने? नाव नंतर विचारा. आधी डोळ्यांना काम द्या.