पारदर्शक चौकट : आयफ्रेमच्या खिडकीतून शिरलेला धोका

ऑक्टोबर २००८ मध्ये आंतरजालावर एक साधा खेळ प्रकट झाला. पडद्यावर एक बटण इकडून तिकडे उड्या मारी आणि खेळणाऱ्याने त्याचा पाठलाग करत क्लिक करत राहायचे. पोरखेळच तो. मात्र त्यांतले काही क्लिक खेळावर पडतच नसत. ते पडत त्याच जागी दडवलेल्या एका अदृश्य पानावर. ते पान होते अडोबी कंपनीच्या संकेतस्थळावरचे, फ्लॅश प्लेअरच्या परवानग्या ठरवणारे. खेळ रंगात येईपर्यंत खेळाडूने आपल्या कॅमेऱ्याचे आणि माइकचे दार स्वतःच्याच बोटाने उघडून दिलेले असे.

हा खेळ लुटारूचा नव्हता. धोका किती खरा आहे, हे दाखवण्यासाठी एका प्रोग्रामरने तो रचला होता. ज्या साधनावर तो उभा होता, ते मात्र तेव्हा बारा वर्षांचे जुने होते.

१९९६ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘आयफ्रेम’ आणली. एका पानाच्या पोटात चौकट बसवायची आणि त्या चौकटीत दुसऱ्याच संकेतस्थळाचे पान उघडायचे, एवढीच कल्पना. डिसेंबर १९९७ मध्ये एचटीएमएल ४.० या मानकाने तिला मान्यता दिली. घरमालकाने भिंतीत खिडकी पाडावी आणि तिच्यातून शेजाऱ्याची खोली दिसावी, असा हा प्रकार.

त्या खिडकीला काच होती. नेटस्केपने जावास्क्रिप्टबरोबरच एक नियम रुजवला होता : एका मूळ पत्त्यावरून आलेल्या पानाला दुसऱ्या पत्त्यावरून आलेल्या पानातला मजकूर वाचता येणार नाही. बँकेचे पान कोणी आपल्या चौकटीत उघडले, तरी आतली शिल्लक त्याला चोरून पाहता येत नसे. अभियंत्यांना हा बंदोबस्त पुरेसा वाटला आणि वाचण्यापुरता तो पुरेसा होताही.

पण काचेपलीकडचे वाचण्याची गरजच नसेल तर? चौकट पूर्ण पारदर्शक करून भलत्याच चित्रावर पसरली, की माणूस पाहतो एक आणि दाबतो दुसरेच. शिवाय ब्राउझर त्या काळी चौकटीतल्या पानालाही वापरकर्त्याची ओळख पटवणारी कुकी इमानेइतबारे पाठवी. म्हणजे खाते उघडे, हात खऱ्या मालकाचा आणि इच्छा तेवढी तिसऱ्याची. नियम कुठेही मोडला जात नव्हता, हीच यातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब.

जेसी रुडरमन याने हा धोका २००२ मध्येच मोझिलाच्या दोष-नोंदवहीत मांडला होता. सहा वर्षे त्याकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. इतिहासात इशाऱ्यांची वाण क्वचितच असते. नोंद होते, आणि वही मिटली जाते.

सप्टेंबर २००८ मध्ये जेरेमाया ग्रॉसमन आणि रॉबर्ट हॅन्सन हे दोघे न्यूयॉर्कच्या एका सुरक्षा-परिषदेत यावर बोलणार होते. दुरुस्तीला अवधी मिळावा म्हणून अडोबीने विनंती केली आणि त्यांनी व्याख्यान मागे घेतले. झाकलेल्या मुठीचे कुतूहल वाढणारच! काही दिवसांतच वर सांगितलेला खेळ आला आणि गुपित संपले. ‘क्लिक’ आणि ‘हायजॅकिंग’ जोडून त्या दोघांनी घडवलेला ‘क्लिकजॅकिंग’ हा शब्द तेव्हापासून रूढ झाला.

तोवर संकेतस्थळे स्वतःपुरता एक उपाय करत असत. आपले पान परक्या चौकटीत सापडले, तर ती फोडून बाहेर पडणारा जावास्क्रिप्टचा छोटा तुकडा ते पानात ठेवत. २०१० मध्ये स्टॅनफर्ड आणि कार्नेगी मेलन विद्यापीठांच्या संशोधकांनी ५०० आघाडीच्या संकेतस्थळांवरचे असे तुकडे तपासले, तेव्हा त्यांतला प्रत्येक या ना त्या मार्गाने चुकवता येतो, असे निघाले. खरा उपाय ब्राउझरमध्येच हवा होता. २००९ साली इंटरनेट एक्सप्लोरर ८ ने ‘एक्स-फ्रेम-ऑप्शन्स’ ही सूचना ओळखायला सुरुवात केली. आपले पान चौकटीत बसवू द्यायचे की नाही, हे सर्व्हर पानासोबतच कळवू लागला. पुढे ‘फ्रेम-अँसेस्टर्स’ या नियमाने कोणाकोणाला मुभा आहे, याची यादीही देता येऊ लागली.

आता गंमत पाहण्यासारखी आहे. याच बदनाम चौकटीकडे यूट्यूब २०१० च्या जुलैत वळले, आणि ते योग्यच झाले. आधीच्या फ्लॅश-कोडमध्ये ‘अलाउ-स्क्रिप्ट-अ‍ॅक्सेस : ऑलवेज’ अशी ओळ असे; म्हणजे पाहुण्या व्हिडिओला यजमान पानात हवी ती आज्ञा चालवण्याची सनद. एका व्हिडिओसाठी साऱ्या घराची किल्ली! आयफ्रेममध्ये पाहुणा काचेपलीकडेच राहिला. बदलाचे तात्कालिक कारण अर्थात वेगळे होते : आयफोनवर फ्लॅश चालत नसे आणि चौकटीत यूट्यूबला उपकरण पाहून फ्लॅश किंवा एचटीएमएल५ यांपैकी जमेल ते पाठवता येई. सुरक्षितता सोयीचा हात धरून आली.

एचटीएमएल५ ने चौकटीला ‘सँडबॉक्स’ हे कुंपणही दिले. त्यात पाहुण्याचे सारे अधिकार आधी काढून घेतले जातात आणि मग मोजके परत दिले जातात. स्क्रिप्ट चालवण्याची आणि मूळ पत्त्याची ओळख राखण्याची, अशा दोन्ही सवलती आपल्याच पत्त्यावरच्या पानाला एकदम दिल्या, तर ते पान कुंपण स्वतःच उपटून टाकू शकते. कॅमेरा, माइक, पूर्ण पडदा यांची परवानगी ‘अलाउ’ या वेगळ्या गुणधर्माने द्यावी लागते.

नवशिका संकेतस्थळकार आजही यूट्यूबच्या पानाचा पत्ता ब्राउझरमधून जसाच्या तसा उचलतो, आयफ्रेममध्ये टाकतो आणि व्हिडिओऐवजी जोडणी नाकारल्याचा करडा चौकोन पाहून चक्रावतो. ‘वॉच’ असलेल्या पत्त्यावर बटणे आहेत, लॉगिन आहे, पसंती आणि सदस्यत्व आहे. ते पान परक्या चौकटीत शिरायला नकार देते. शिरकाव मिळतो तो ‘एम्बेड’ लिहिलेल्या, त्यासाठीच बांधलेल्या पत्त्याला.