तेरा पेसोंचं देणं



गेल्या वेळी आवळ्याच्या सुपारीबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर बरेच दिवस गप्प होते. कारण 2024 च्या दिवाळीत निर्वाणलाडू चढवला आणि पंधरा दिवसांत मुलाकडे मनिलाला गेले. दोन महिने राहिले. तिथलं जेवण कसं जमवलं, हे तुम्ही सगळ्यांनी फोनवर विचारलंत. ते पुढच्या लेखात सांगीन. आज तिथल्या प्रवासाबद्दल लिहिते, कारण त्यातली एक गोष्ट अजून माझ्या हिशेबात अडकली आहे.

मुलगा आणि सून दोघंही सकाळी कामावर जात. जाताना मुलाचं रोजचं बजावणं, "आई, कुठं जायचं तर मोबाईलवरून गाडी बोलवून देतो. जीपनीत चढू नकोस." ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून मी एकटी फारशी कुठं गेलेच नव्हते. सांगलीतही कुणीतरी सोबत असतंच. त्यामुळे "बरं" म्हणून मी गप्प बसे आणि सोळाव्या मजल्यावरून खालच्या जीपन्या बघत राही.

जीपनी म्हणजे आपल्याकडचं वडापच म्हणा! दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या उरलेल्या जीप तिथल्या लोकांनी घेतल्या, मागून लांब केल्या, छत घातलं, रंग दिले. तेव्हापासून हे वाहन तिथं चालू आहे. आत समोरासमोर दोन लांब बाक. चढायचं मागून, वाकून. गुडघ्याला गुडघा लागतो. पुढच्या काचेवर मार्गाची पाटी, आरशाला जपमाळ टांगलेली आणि येशूचं नाहीतर मेरीमातेचं चित्र. वाटेत चर्च आलं की अर्धी जीपनी छातीवर क्रूसाची खूण करते. आपण बसमधून जाताना मंदिराचं शिखर दिसलं की हात जोडतो, तसंच.

एका शनिवारी सुनेनं हळूच विचारलं, "आई, येताय का? ग्वादालूपेच्या बाजारात भाजी स्वस्त मिळते." गेले. तिनं मला तीन शब्द शिकवले. पैसे देताना 'बायाद पो', उतरायचं असलं की 'पारा पो' आणि आभाराला 'सालामात पो'. हा 'पो' म्हणजे आपलं 'अहो'. थोरामोठ्यांशी, परक्यांशी बोलताना लावतात. तो नसला तर बोलणं उद्धट वाटतं म्हणे.

मी बी.कॉम. झालेली बाई. चाळीस वर्षं घरखर्चाची वही लिहितेय. त्यामुळे मला सगळ्यात नवल वाटलं ते भाड्याचं. कंडक्टर नाही, तिकीट नाही. मागे बसलेला माणूस शेजारणीच्या हातात नाणी देतो, ती पुढच्याला देते, असं करत पैसे ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे तसेच हातोहात परत येतात. ड्रायव्हर एका हातानं गाडी चालवतो, दुसऱ्यानं हिशेब करतो. तेव्हा पहिल्या चार किलोमीटरला 13 पेसो होते, म्हणजे आपले साधारण 19 रुपये. कुणी दिले, कुणी नाही, याचा पुरावा काहीच नाही. फक्त एक पाटी असते, देव जाणतो कोण पैसे देत नाही, अशा अर्थाची. त्यात शब्दांची गंमत अशी की 'कोण' च्या जागी ज्यूडासचं नाव ऐकू येतं. मला आपलं अचौर्य अणुव्रतच आठवलं.

सुनेनं आणखी सांगितलं, की बरेच ड्रायव्हर मालकाला रोज ठरलेली रक्कम देतात, डिझेल स्वतः भरतात आणि उरेल ते त्यांचं. आपल्याकडे भाड्यानं रिक्षा चालवणारे करतात तेच. म्हणजे बुडालेले 13 पेसो मालकाचे नाहीत, त्या माणसाच्या ताटातले.

मग एका मंगळवारी, कुणाला न सांगता, मी एकटीच निघाले. खोटं कशाला बोलू, छातीत धडधडत होतं. पण पोचले. बाजारात दुधी, दोडकी, कारली, भेंडी, लांब चवळीच्या शेंगा, शेवग्याचा पाला! जणू सांगलीची मंडईच. कंदमुळाच्या टोपल्या सोडून हवं ते घेतलं. मासळीची गल्ली लागली की ओढणी नाकाला लावून, नजर खाली करून वळसा घालायचा, एवढं शनिवारीच ठरवून ठेवलं होतं.

परत येताना जीपनी भरलेली. नाताळ तिथं सप्टेंबरपासूनच सुरू होतो, त्यामुळे नोव्हेंबरात रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. शेवटी एक बाई सरकली आणि मला जागा दिली. तिच्या पायाशी बादली. बादलीत मासे, वर बर्फ. त्यातला एखादा हलला की काय असं मला वाटलं. मी गुडघे आखडून घेतले, भाजीची पिशवी छातीशी धरली आणि मनात णमोकार सुरू केला. तोंड दुसरीकडे फिरवून बसले.

पैसे द्यायला पर्स उघडली तर सगळे सुटे भाजीत संपलेले. 500 ची एकच नोट होती. "बायाद पो" म्हणून तीच पुढे दिली. नोट सहा हातांतून पुढे गेली आणि तशीच सहा हातांतून परत आली. सकाळच्या वेळी सुटेच द्या, अशी पाटी पुढे लावलेली असते, हे मला नंतर कळलं. ड्रायव्हर काहीतरी बोलला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. उतरून जावं असं वाटलं, पण चालत घर सापडलं नसतं.

तेवढ्यात शेजारच्या बाईनं कमरेच्या पिशवीतून नाणी काढली, पुढे दिली आणि म्हणाली, "दालावा." म्हणजे दोन. एक तिचं, एक माझं. मी नोट तिच्यापुढे धरली. तिनं हसून हात हलवला, "ओके लांग, नानाय." नानाय म्हणजे आई. पुढच्या वळणावर "पारा पो" म्हणत ती बादली घेऊन उतरलीसुद्धा.

दोन दिवस घरी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना सांगून टाकलं. तिथं साडेपाचलाच दिवस मावळायचा, म्हणून माझं जेवण पाचला. त्या दिवशी मुलगा घरून काम करत होता, समोर येऊन बसला होता. मला वाटलं रागावेल. तो एवढंच म्हणाला, "आई, मी नवीन होतो तेव्हा माझेही असेच कुणीतरी भरले होते." मग उठून गेला आणि वाटीभर सुटी नाणी आणून माझ्यापुढे ठेवली.

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा जायला लागले. नाणी मोजून नेत असे, एक भाडं जास्तीचं. आणि एके दिवशी, मैत्रिणींनो, मी त्या मासळीच्या गल्लीत शिरले. तिला शोधायला. ओढणी नाकाला होती, ओठांवर णमोकार होता, पण गेले. दोन्ही बाजूंना कितीतरी बायका बसल्या होत्या. बादल्या, बर्फ, रबरी बूट. आणि मधोमध उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला तिचा चेहराच आठवत नाही. त्या दिवशी मी सगळा वेळ बादलीकडे बघितलं होतं, नाहीतर रस्त्याकडे. तिच्याकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं.

तिचा धंदा मला पटणार नाही, कधीच नाही. जीव तो जीव. पण तिनं मला जागा दिली तेव्हा मी अंग चोरलं, आणि मी अडले तेव्हा तिनं चोरलं नाही, हेही खरंच आहे. दोन्ही नोंदी एकाच पानावर आहेत, एक खोडून दुसरी ठेवता येत नाही.

निघायच्या आठवड्यात एक कॉलेजची पोरगी पर्स चाचपत बसली होती. मी नाणी पुढे दिली आणि म्हणाले, "दालावा." ती "सालामात पो, लोला" म्हणाली. लोला म्हणजे आजी. बरं वाटलं. पण देणं फिटलं असं काही वाटलं नाही. एकीचं कर्ज दुसरीला देऊन खातं बंद होत नाही, एवढं मला कॉमर्सनं शिकवलंय.

आपण क्षमावणीला ओळखीच्या सगळ्यांना उत्तम क्षमा म्हणतो. ज्यांच्याकडे धड बघितलंही नाही, त्यांचं काय? घरखर्चाच्या वहीत मी लिहून ठेवलंय, 'मनिला, जीपनीतली बाई, देणे 13 पेसो.' दर महिन्याला ती ओळ पुढच्या पानावर ओढते.