जाळ काढा!

"जाळ काढा, हळद गळाली!" रात्री दोनला वसमतकडचे आबा ओरडत होते. बायपास होऊन तिसरी रात्र. सलाईन उपसलेली, एक पाय पलंगाखाली. सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं ते झोपेच्या इंजेक्शनसाठीच.

पूर्वी मी ते देत असे. नोकरीच्या सुरुवातीला अशाच एका म्हाताऱ्या माणसाला लोराझेपाम टोचलं, वॉर्ड शांत झाला. ते दुसरा दिवसभर गुंगीत पडून राहिले आणि रात्री आणखी बरळू लागले. त्यांची लघवी तुंबली होती. मी पोटावर हातसुद्धा ठेवला नव्हता. ते मला अजून सलतं.

जुनी माणसं याला 'वात झाला' म्हणतात, आम्ही डिलिरियम. मी कळमनुरीचा, म्हणून आबांची हळद शिजवायची कढई मला लगेच दिसली. आधी पोट चाचपलं. मग ऑक्सिजन, साखर, सोडियम पाहिलं. छातीचं हाड ठणकत होतं, पॅरासिटामॉल दिलं. कानाचं यंत्र लेकाच्या पिशवीत होतं, ते लावलं आणि लेकाला आत बसवलं. "आबा, हळद वाळत घातली. हा संभाजीनगरचा दवाखाना हाय." तासाभरात आवाज उतरला.

शांत करणारं हॅलोपेरिडॉल मी टाकून दिलेलं नाही. रुग्णाचा हात हृदयाला जोडलेल्या पेसिंगच्या तारांकडं जाऊ लागला की ईसीजीतला क्यूटी बघून, पोटॅशियम-मॅग्नेशियम सावरून, अर्धा मिलिग्रॅम देतो. त्यानं भीती ओसरते, भ्रम नाही. आयसीयूतल्या रुग्णांवरच्या 2018 च्या मोठ्या चाचणीतही त्यानं डिलिरियमचे दिवस घटले नाहीत. हृदयशस्त्रक्रियेत डेक्समेडेटोमिडिननं तो टळेल ही आशाही 2020 च्या चाचणीत फळली नाही. रोजची दारू अचानक सुटलेल्याची गोष्ट वेगळी. त्याला लोराझेपामसारखंच औषध लागतं.

मला जास्त धास्ती गप्प पडलेल्यांची. घरचे म्हणतात, "शांत हायेत." मी शनिवारपासून उलटे वार म्हणायला लावतो. गुरुवारपाशी अडखळले, की पुन्हा पोटावर हात.

आठव्या दिवशी आबा निघाले. रात्रीची झोपेची गोळी चिठ्ठीवर राहिली, तर गावचा मेडिकलवाला ती महिनोन्‌महिने देत राहतो. मग पाय लटपटतात, माणूस न्हाणीत पडतो. लेकानं विचारलंच, "झोपेची कोणती, डॉक्टरसाहेब?" मी कार्डावर ठळक लिहिलं, 'झोपेची गोळी नाही', आणि त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. आबा मात्र यंदाच्या हळदीचा भाव विचारत होते.