बजेट सांगावं की नाही?

दिवाळीच्या आधीचा रविवार. लक्ष्मी रस्त्यावर साडीखरेदी. आमच्या शेजारी बसलेल्या कुटुंबाने गादीवर साड्यांचा ढीग घालायला लावला आणि ‘बघतो अजून’ म्हणत सगळे उठले. नाही आवडली तर घेऊ नये, त्यात गैर काहीच नाही. पण जाताना ‘दादा, बराच त्रास दिला’ एवढं म्हणायला काय जातं? साडी उलगडायला एक झटका पुरतो. घडी घालताना मात्र काठाला काठ जुळवायचा, जर चुरगळू द्यायची नाही, आणि तोवर समोर नवं गिऱ्हाईक हजर.

बाकी गिऱ्हाइकाला निदान बसायला तरी मिळतं. केरळात कोझिकोडच्या कापडदुकानांत काम करणाऱ्या बायका दिवसभर उभं राहायला लागण्याविरुद्ध लढल्या, तेव्हा कुठे २०१८ मध्ये तिथल्या कायद्याने बसायची सोय सक्तीची केली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तशीच दुरुस्ती केली. टेकायला स्टूल हवं, तर त्यासाठीही कायदा!

मॉलमध्ये तर काउंटरवरच्या मुलीशी लोक बोलतही नाहीत. कानाला फोन, कार्ड पुढे. ऑफर संपलेली असली की राग मात्र तिच्यावर. जणू भाव तीच ठरवते.

मी हल्ली बसतानाच सांगून टाकते: दोन हजारांपर्यंत, काठपदर, गडद रंग नको. तेवढेच साड्या दाखवणाऱ्यांचे हात वाचतात. बहिणीला हे मुळीच पटत नाही. बजेट सांगितलं की चांगला माल कपाटातच राहतो, असं तिचं म्हणणं. असेलही.