पेन्शनीचा समुद्र

माणूस साठीच्या आसपास आला म्हणजे त्याच्या मनात एक गाव वसू लागते. विशीत आपण एखाद्या व्यक्तीचे स्वप्न पाहतो, चाळिशीत घराचे पाहतो, आणि पेन्शनीचे कागद जुळवू लागलो की गावाचे. हे गाव नकाशावर असतेच असे नाही. तेथे पाणी चोवीस तास येते, शेजारी सज्जन असतात, वीज जात नाही, आणि वैद्य हाकेच्या अंतरावर राहतो. परंतु त्याची गरज मात्र कोणास कधी भासत नाही.

आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात अशी अर्धा डझन गावे रोज दुपारी चहाबरोबर वसतात आणि घंटा होताच ओस पडतात. कोणाचे गाव पुण्यास मुलाच्या सदनिकेत आहे, कोणाचे अहमदपूरकडच्या वडिलोपार्जित शेतात. माझे गाव समुद्रकाठी आहे. मी हे प्रथम बोलून दाखविले तेव्हा सगळे हसले. नांदेडच्या माणसाने समुद्राचे नाव काढावे, हे कोणा कोळ्याने जोंधळ्याच्या भावाची चौकशी करण्यासारखेच त्यांना वाटले. त्यांचे अगदीच चुकले असेही म्हणवत नाही. मी समुद्र पाहिला तोच मुळी एकोणिसाव्या वर्षी, आणि तोही मुंबईच्या चौपाटीवर, दुसऱ्याच्या चपला सांभाळीत.

परंतु या इच्छेस आधार आहे. विलायतेतील पेन्शनर ब्रायटन-बोर्नमथ गाठतो, नाही तर स्पेनच्या किनाऱ्यावर उतरतो. अमेरिकेतील पेन्शनर फ्लोरिडाकडे धावतो. त्यांना ऊन हवे असते. ऊन हा पदार्थ आमच्याकडे मुबलक आहे. मे महिन्यात नांदेड-लातुरास तो ४२-४३ अंशांच्या मापाने फुकट वाटला जातो. मला ऊन नको, समता हवी आहे. आमच्या हवेचा स्वभाव तापट आहे. वैशाखात ती अंगावर धावून येते, आणि पौषात पहाटे पारा दहाच्या खाली उतरवून माझ्या गुडघ्यांना जुन्या वैऱ्यासारखी भेटते. समुद्र हा असा टोकाला जात नाही. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. म्हणून दिवसा खारे वारे जमिनीकडे येतात, रात्री मतलई वारे समुद्राकडे परततात, आणि या येरझाऱ्यांत हवेचा तोल राहतो. रत्नागिरीस मे महिन्यात पारा तेहतीस-चौतिसाच्या आसपासच घोटाळतो, आणि थंडीत स्वेटर ट्रंकेतून काढावा की न काढावा याचा विचार करीपर्यंत थंडी संपते. उतारवयातील प्रकृतीला असाच शेजारी मानवतो.

दुसरे कारण पाण्याचे. ज्याने १२ एप्रिल २०१६ चा दिवस लातुरात पाहिला आहे, त्यास पाणी या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. त्या दिवशी मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून पाच लाख लिटर पाण्याची आगगाडी लातुरास आली. लोक स्टेशनावर जमले ते एखाद्या पुढाऱ्याच्या स्वागतास जमावे तसे. ते पाणी कृष्णेचे, म्हणजे मुळात महाबळेश्वरच्या पावसाचे. ज्या सह्याद्रीच्या पलीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, त्याच सह्याद्रीचा प्रसाद सात-आठशेवर भागविणाऱ्या आमच्यासारख्यांना रुळांवरून यावा लागला. तेव्हापासून माझ्या मनाने घेतले की, पाणी आपल्याकडे येत नसेल तर आपणच पाण्याकडे जावे. रस्ताही आमच्या दारावरूनच जातो. नागपूरहून रत्नागिरीस जाणारा महामार्ग नांदेड आणि लातूर या दोन्ही गावांना शिवून, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर करीत आंबा घाट उतरतो. भवानीचे दर्शन घेऊन सरळ पुढे जात राहिले की माणूस समुद्रावर पोहोचतो. एवढी सोय असल्यावर शकुन आणखी कोणता पाहावयाचा?

म्हणून गेली चार-पाच वर्षे आम्ही उभयता प्रत्येक सुट्टीत कोकणात गावे पाहत हिंडतो. अलिबाग पाहिले, तेथे मुंबईकरांनी भाव असे चढवून ठेवले आहेत की प्राध्यापकाने केवळ सूर्यास्त पाहावा आणि परतावे. गुहागर पाहिले, नारळी-पोफळीच्या आगरांमधून जाणारी ती लांब, सावलीची गल्ली पाहून माझी पत्नी प्रथमच म्हणाली, "इथे दुपार झाल्याचं कळतच नाही." उन्हाळ्यात जन्म काढलेल्या बाईच्या तोंडी याहून मोठी स्तुती असू शकत नाही. दापोली पाहिली. १८१८ नंतर इंग्रजांनी तेथे पलटणीचा तळ केला, त्यावरून जुने लोक तिला अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. समुद्रापासून दोन-अडीच कोस आत आणि काहीशी उंचावर असल्यामुळे ती गोऱ्या पेन्शनरांना मानवली. म्हणजे या बाबतीत आमची निवड नवी नव्हे, दोनशे वर्षांची परीक्षित आहे.

परंतु हिंडता हिंडता कळू लागले की समुद्र निवडणे सोपे, गाव निवडणे कठीण. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यावयाची तर विकत घेणारा शेतकरी असावा लागतो. माझ्या नावावर औसा तालुक्यात चार एकर कोरडवाहू आहे, म्हणून मी त्या परीक्षेत काठावर उत्तीर्ण होतो. पुढची परीक्षा सातबाऱ्याची. कोकणातील एका वाडीच्या उताऱ्यावर जितकी नावे असतात तितके विद्यार्थी हल्ली आमच्या एम.ए.च्या वर्गात नसतात. त्यांतील निम्मे मुंबईस, चार परदेशी, आणि दोघांचा पत्ता देवासच ठाऊक. त्या कुलुपबंद घरांची कुळकथा मोठी करुण आहे. जे समुद्र पाहण्यासाठी मी पाचशे किलोमीटरांवरून येतो, तो सोडून त्या घरांतील मुले पिढ्यान्पिढ्या गिरण्यांत आणि कचेऱ्यांत गेली आणि मनीऑर्डरीने गावास भेटत राहिली.

दापोलीकडील एका वृद्ध गृहस्थांनी मला फार नेमके सांगितले. घर दाखवून झाल्यावर कोकमाचे सरबत पुढे करीत ते म्हणाले, "प्रोफेसर, डिसेंबरात सगळेच घर घेतात. एकदा आषाढात या, मग बोला." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही गतवर्षी आषाढात गेलो. वीस दिवस राहिलो. पडवीला झापांची झड बांधलेली, सूर्य कोठे तरी रजेवर गेलेला, आणि दिवसरात्र कौलांवर एकच नाद. पहिले चार दिवस मी वेड्यासारखा भिजत होतो; आमच्याकडे एवढे पाणी एका वेळी पाहण्याची कोणास सवय आहे? पाचव्या दिवशी मजजवळच्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी दिसली. माझी सारी मिळकत म्हणजे तीन हजार पुस्तके. मराठवाड्याच्या कोरड्या हवेने ती तीस-पस्तीस वर्षे जशीच्या तशी सांभाळली आहेत. आमच्या भूमीने पाणी दिले नसेल, पण कागद राखला, हे मला त्या पडवीत बसून प्रथमच उमगले.

आणि पाण्याचे म्हणाल तर तेथेही कोडे आहेच. जांभा दगड सच्छिद्र. तीन हजार मिलिमीटर पाऊस तो चाळणीसारखा खाली सोडतो, आणि सड्यावरच्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. टँकरचा भोंगा कोकणातही तोच, ऐकणाऱ्या बायकांच्या घागरीही तशाच. समुद्र प्रसन्न असतो तेव्हाचे हे झाले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे वादळ त्या किनाऱ्यावर चढून आले तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरापासून दापोलीपर्यंतची आगरे काही तासांत आडवी झाली. पोफळ लावल्यापासून हाती येईपर्यंत सहा-आठ वर्षे जातात. साठीच्या माणसाने लावलेले झाड सत्तरीत पडले, तर पुन्हा लावण्याची उमेद तो कोठून आणील?

संकटांची भीती घालून मी स्वतःस परावृत्त करतो आहे, असे मात्र वाचकांनी समजू नये. संकटाच्या हिशेबाने गाव निवडावयाचे तर आम्ही मराठवाड्यातही राहू शकलो नसतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक निजले असता किल्लारीची भूमी हलली, आणि शतकानुशतके उन्हापासून राखणाऱ्या दगडमातीच्या जाड भिंतींनीच माणसे गाडली. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. माझ्या मामांचे गाव त्यांपैकी एक. जुन्या गावठाणापासून ते दोन-तीन किलोमीटर दूर गेले. रस्ते सरळ, घरे पक्की, आखणी वहीतल्या तक्त्यासारखी. मामा त्या घरात वीस वर्षे राहिले, आणि जमले तोवर रोज संध्याकाळी काठी टेकीत जुन्या गावठाणातल्या देवळाकडे जाऊन बसत. एकदा मी त्यांना घर कसे आहे म्हणून विचारले. ते म्हणाले, "घर लई चांगलं हाय, बाळा. पर गाव न्हाई." तीन किलोमीटरांनी माणसाचे गाव हरवत असेल, तर पाचशे किलोमीटरांनी काय होईल?

चार्ल्स लॅमने १८२५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीतून तेहतीस वर्षांच्या चाकरीनंतर सुटका झाल्यावर लिहिलेला निबंध मी कित्येक वर्षे वर्गात शिकविला. मुलांना मी सांगत नसे ते पुढचे: लंडनच्या गल्ल्यांवर जीव टाकणारा हा गृहस्थ नंतर बहिणीसह एन्फील्डच्या खेड्यात राहावयास गेला, आणि तेथील हिरव्या शांततेस कंटाळला. रत्नागिरीत तर याहून मोठा दाखला उभा आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८६ साली तेथे आणून ठेवले. हवा उबदार, दृष्टीपुढे खाडी आणि समुद्र, सरकारी तनखा. पेन्शनराने आणखी काय मागावे? तो तीस वर्षांनी, १९१६ साली, तेथेच वारला. आज लोक त्याच्या राजवाड्याजवळ सूर्यास्त पाहावयास जातात. तो राजा मात्र कोणत्या दिशेस पाहत असेल, हे सांगावयास नको.

अर्थात राजा बंदी होता, आणि मी स्वखुशीने जाणारा. परंतु मजबरोबर येणारीचे काय? आषाढातल्या त्या पडवीत, दिवा गेलेला असताना, माझ्या पत्नीने इतक्या दिवसांत विचारला नव्हता तो प्रश्न विचारला. ती म्हणाली, "आपण दोघं इथं सुखानं राहू, हे मला पटलं. पण दोघांतलं एकच उरलं, म्हणजे? तुम्ही उरलात तर तुम्हाला पुस्तकं आहेत, समुद्र आहे. मी उरले तर माझं कोण आहे इथं?"

मी काही बोललो नाही. पाऊस बोलत होता, तेवढे पुरे होते. नांदेडास आमच्या गल्लीत तिची तीस वर्षांची मंडळी आहे. कोणाच्या पापडांना ती जाते, कोणाच्या बाळंतपणात ती रात्री जागली आहे. गोदावरीच्या घाटावर पहाटे दिवे सोडताना तिला नावाने हाक मारणाऱ्या दहाजणी आहेत. गेल्या थंडीत मी तापाने पडलो असता डब्यांची जी रांग लागली, ती माझ्या विद्वत्तेसाठी नव्हती. असे शेजारपण सातबाऱ्यावर चढत नाही आणि खरेदीखताने मिळत नाही. ते लावल्यापासून फळास यावयास पोफळीहून अधिक वर्षे लागतात.

मला वाटते, निवृत्तीचे गाव निवडताना आपण सगळेच पहिल्या दहा वर्षांचा विचार करतो, कारण त्यांत आपण दोघे असतो, पाय चालत असतात, आणि सूर्यास्त सुंदर दिसतो. खरे गाव निवडावयाचे ते त्यानंतरच्या दहा वर्षांसाठी. आणि तेही आपल्यासाठी नव्हे, मागे राहील त्याच्यासाठी.

म्हणून आमचा निर्णय झाला आहे. नांदेडचे घर राहील आणि पुस्तकेही तेथेच राहतील. पेन्शन सुरू झाल्यावर प्रतिवर्षी मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत, गुडघ्यांच्या वैराचे दिवस तेवढे, गुहागरास भाड्याने दोन खोल्या घ्यावयाच्या आणि होळीपूर्वी परतावयाचे. गोदावरीचेही असेच काहीसे आहे. ती उगम पावते त्र्यंबकेश्वरी, पश्चिम समुद्रापासून अवघ्या ऐंशी किलोमीटरांवर; पण त्या जवळच्या समुद्राकडे पाठ करून आमच्या गावावरून चौदाशे किलोमीटरांचा फेरा घेते. तिने एवढा वळसा कोणासाठी घेतला, हे आम्हा काठच्या लोकांना ठाऊक आहे. चार महिन्यांचे भाडे किती पडेल, याची चौकशी करणारे पत्र मात्र मी कालच टाकले.