मळीतला तांबेरा

९ ऑगस्ट
आश्लेषा चालू आहे. पाऊस कसला, नुसती भुरभुर. चार दिवस ऊन नाही. कृष्णेकाठच्या मळीत ३० गुंठे जेएस ३३५ सोयाबीन आहे, ते फुलात आलंय. माळावर एकरभर फुले संगम, तेही आता येईल. मळीत आत शिरून खालची पानं उलटून पाहिली. काही नाही.
'काही नाही' हेही लिहून ठेवतोय. गेल्या साली बांधावरनंच हिरवं रान बघून परतत होतो. पानं पिवळी पडल्यावर आत गेलो, तर विजार गुडघ्यापर्यंत तांबडी झाली. मग दोनदा औषध मारलं. शेंगा चपट्या राहिल्या त्या राहिल्याच.

१३ ऑगस्ट
शेजारच्या तात्यांनी सोयाबीन पिवळं दिसलं म्हणून बुरशीनाशक मारलं. जाऊन पाहिलं तर पानांवर हिरवे-पिवळे चट्टे. हा पिवळा मोझॅक. विषाणूचा रोग, पांढरी माशी पसरवते. बुरशीनाशकानं त्याला काय होणार? अशी झाडं उपटून पुरा आणि माशीकडं बघा, म्हटलं. तात्या म्हणाले, "मारलं ते मारलं. गप बसवंना."

१७ ऑगस्ट
तांबेरा सापडला. मळीत, नदीकडच्या अंगाला, जमिनीपासून वीतभर उंचीच्या पानांच्या पाठीला. टाचणीच्या डोक्याहून बारीक तपकिरी पुटकुळ्या. बोट घासलं की तांबूस भुकटी. दहा ठिकाणी पाच-पाच झाडं पाहिली, चार ठिकाणी आहे.
पुटकुळी दिसते तेव्हा बुरशी आत शिरून आठवडा-नऊ दिवस झालेले असतात. म्हणजे मी 'काही नाही' लिहीत होतो, त्याच भुरभुरीत ती पानात शिरत होती. हवा गार आणि पान सहा-आठ तास ओलं, एवढं तिला पुरतं. मळीत तर सकाळचं दव नऊशिवाय उतरत नाही.
माळावर एक पुटकुळी नाही. संगम कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचा वाण. तांबेऱ्यापुढं ३३५ पेक्षा पुष्कळ टिकतो. तेव्हा मळी मारायची, माळ नाही. धाकटा म्हणाला, "आण्णा, एका दमात दोन्ही उरकू की." नको म्हटलं.

१८ ऑगस्ट
दुकानात हेक्झाकोनॅझोल ५ टक्के मागितलं. त्याच्या शेजारी टॉनिक, अळीचं औषध आणि विद्राव्य खताची पुडी येऊन बसली. "एकाच पंपात बसतंय सगळं, दादा." अळी आहे का, हे त्यानं विचारलं नाही. एकच बाटली घेतली. घरात मॅन्कोझेब पडलंय, पण ते पानाच्या वरवर राखण करतं. आत शिरलेल्या बुरशीला आंतरप्रवाही औषधच लागतं.

१९ ऑगस्ट
दव उतरल्यावर साडेनऊला सुरुवात. लिटरला १ मिली, एकराला २०० लिटर पाणी. ३० गुंठ्यांना १५० लिटर, म्हणजे १५ लिटरचे १० पंप. फवारणीचा पोरगा म्हणाला, "मी सहात बसवतो, औषध तेवढं वाढवा." पाणी कमी पडलं की वरची पानं भिजतात, आणि रोग बसलाय खाली.
तणनाशकाचं नोझल काढून शंकूसारखा फवारा पडणारं लावलं. पहिला पंप संपल्यावर खालची पानं उलटली. कोरडी! दहा पंपांचा हिशेब वहीत बरोबर होता, रानात नव्हता. मग नळी खाली धरून, पाऊल आखडून चालायला लावलं. दुसऱ्या पंपाला पाठी ओल्या झाल्या. पहिल्या तीन सऱ्या परत मारल्या.
पोरगा मास्क लावायला कुरकुरत होता. २०१७ साली यवतमाळात कपाशी फवारताना वीसवर माणसं विषबाधेनं गेली, ते सांगितलं. लावला.
साडेबाराला आटोपलं. तीनला सर आली. अडीच तास मिळाले, तेवढे पुरतात.

३ सप्टेंबर
मळीत मधल्या पानांवर तुरळक नव्या पुटकुळ्या. दाणा भरायचाय, म्हणून दुसरी फवारणी केली. औषध बदललं, पायराक्लोस्ट्रोबिन आणि इपॉक्सिकोनॅझोलचं मिश्रण. एकच गट सारखा मारला की त्याला पचवणारी बुरशी तेवढी मागं उरते. ब्राझीलमध्ये हे झालंय. तिथं वर्षातले काही आठवडे रानात सोयाबीनचं हिरवं रोप ठेवायलाच बंदी आहे. आपण काठावर उन्हाळी सोयाबीन करतो आणि तांबेऱ्याला वर्षभर घर देतो. मीही दोन वर्षं केलं.
माळावर एका जागी पाच-सहा पुटकुळ्या. हात शिवशिवले. चार दिवस थांबतो.

७ सप्टेंबर
कडक ऊन. माळावर वाढ नाही. नाही मारलं.

१२ ऑक्टोबर
दोन्ही मळण्या झाल्या. मळीत ३० गुंठ्यांना सात क्विंटल, गेल्या साली साडेचार होतं. माळावर एकरात अकरा, बिनफवारणीचं. ३३५ सगळं विकलं. संगमचं साठ किलो बियाण्याला काढून पोती फळीवर ठेवली.