गाणं तोंडात बसलं पाहिजे

आपली कविता वाचायला अक्षर लागतं. माझ्या आईकडं ते नाही. पण वामनदादा कर्डकांची गाणी तिला तोंडपाठ. म्हणून मी गाणं रचतो.

वामनदादा १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. मुंबईत गिरणीत राबले. अक्षर शिकले ते मोठेपणी, दुकानांच्या पाट्या वाचत. १९४३ साली रचलेलं पहिलं गाणं म्हणजे एका हिंदी गाण्याचं विडंबन. चाल उसनी म्हणून नाकं मुरडणारे मुरडोत. अमेरिकेतला वुडी गथ्रीसुद्धा जुन्या लोकगीतांच्या चालींवर देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची गाणी बांधायचा. चाल लोकांच्या कानात आधीच असते. आपण आपलं जगणं तिच्यावर चढवायचं.

मी पनवेलचा. तळोज्याला रोलिंग मिलमध्ये पाळी करतो. मशीनच्या धडधडीत ठेका असतोच, त्यावर ओळ घोळवतो. जेवणाच्या सुट्टीत बिडीच्या कागदावर उतरवतो. घरी आईला म्हणून दाखवतो. तिचा श्वास जिथं तुटतो, तिथं ओळ तोडतो.

एकदा 'शोषण' हा शब्द तिच्यापुढं ठेवला. आई घाटावरची. म्हणाली, "म्हंजी काय रं?"

"बारा तास राबवायचं, आठाचा पगार द्यायचा."

"मग तसंच लिव की!"

तसंच लिहिलं. १४ एप्रिलला वस्तीत म्हटलं. बायांनी ओळ उचलून धरली. दोन दिवसांनी कंत्राटदारानं गेटवर विचारलं, "गाणं कुणाचं?"

मी म्हटलं, "माझं."

आता पाळी राहील, न राहील. गाणं वस्तीत आहे.